खिडकीकडची दांडी

मीरा-भाईंदरमध्ये पंढरीनाथला नावानं ओळखणारी माणसं थोडीच. पण "वो रुमालवाले अंकल" म्हटलं की भाईंदर पूर्वेपासून हाटकेशपर्यंत कुठल्याही सोसायटीचा वॉचमन वहीत सही न घेता गेट उघडतो. खरं तर रुमाल हा काही त्याचा धंदा नव्हे. तो लोकांच्या घरी छताला कपडे वाळत घालायचे हँगर बसवून देतो. स्टीलच्या सहा दांड्या, प्रत्येकीला कप्प्या आणि नायलॉनची दोरी. दोरी सोडली की दांडी हाताशी येते, ओढली की छताला जाऊन बसते. त्या सहा फुटी दांड्या स्कूटरला बांधून तो निघाला, की भल्या भल्या रिक्षावाल्यांना अंग चोरायची अक्कल येते.

हँगर बसवणारे गावात शंभर असतील. ते येतात, टेप लावतात, ड्रिल मारतात आणि जातात. पंढरीनाथ आधी खिशातून तीन रुमाल काढतो. तिन्ही जुने, सुती, बायकोनं कडा शिवून दिलेले. ते नळाखाली भिजवायचे, घट्ट पिळायचे आणि घरात तीन ठिकाणी टांगायचे. मग तासभर दुसरीकडचं काम उरकून यायचं. जो रुमाल आधी वाळला, तिथं ड्रिल. "कपडा उन्हानंच वाळतो हा लोकांचा गैरसमज आहे," असं तो घरोघर सांगतो. "कपडा वाऱ्यानं वाळतो. आणि वाऱ्याला यायला दार लागतं, तसं जायलाही लागतं." एकही रुमाल वाळला नाही, तर तोंडावर सांगून मोकळा होतो, "इधर मत लगाओ भाभी, कुछ फायदा नहीं." असल्या सरळपणानं धंदा बसेल, असं त्याची बायको नीलिमा पंधरा वर्षं म्हणत आली. धंदा काही बसला नाही, आणि तिचं म्हणणंही थांबलं नाही.

त्याची आणखी एक खोड होती. रुमाल वाळेपर्यंत तो त्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा पोटात गेला की नाही म्हणायला जीभ जड होते, असं त्याचं तत्त्वज्ञान. कपावर साय धरली तरी हात लावायचा नाही आणि जागा पसंत पडली की तोच गार चहा एका दमात संपवायचा. मुलगी रुचिता लहानपणी सुट्टीत चिमटे मोजायला त्याच्याबरोबर जायची, तिला हा नेम पाठ होता. पप्पांनी कप उचलला म्हणजे घर पास.

तीच रुचिता आता सव्वीस वर्षांची. मीरा रोडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. त्या लॅबचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला निकेत नावाचा मुलगा यायचा. कॉम्प्युटर दुरुस्त झाले तरी तो येतच राहिला, तेव्हा दोन्ही घरी काय ते कळलं. निकेतचे आईवडील रुचिताला बघून गेले, पोहे खाऊन खूश झाले. आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं, ही रीत. ऑगस्टमधला रविवार ठरला. नऊ दिवस सूर्याचं दर्शन नव्हतं.

निघायच्या आधी रुचितानं वडिलांना दारात अडवलं.

"पप्पा, तिकडे कपड्यांवर एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?"

"मागच्या महिन्यात लीनामावशीच्या मुलीच्या साखरपुड्यात तुम्ही हॉलच्या मॅनेजरला पडदे दमट आहेत म्हणून सांगत बसला होता. छताकडे बघायचं नाही. वास घ्यायचा नाही. आणि ते रुमाल इथंच ठेवा. तीन-तीन रुमाल घेऊन कोण सोयरीक बघायला जातं?"

"एकही शब्द नाही. तुझ्या गळ्याशप्पथ," म्हणत पंढरीनाथनं एक रुमाल टेबलावर ठेवला. उरलेले दोन खिशातच राहिले. ते त्यानं मुद्दाम ठेवले की सवयीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

निकेतचं घर हाटकेशला, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. निकेतच्या आईनं, वासंतीताईंनी, दार उघडलं. एका पतपेढीत सत्तावीस वर्षं काउंटरवर बसत आलेल्या बाई, हसणं मोकळं, पण आज चेहऱ्यावर जरा धावपळ. वडील गणेशराव पोस्टातून नुकतेच निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सोफ्याच्या काठावर बसले होते. हॉल लखलखत होता. कोपऱ्यात तीन उदबत्त्या एकदम लावलेल्या आणि वर मोगऱ्याचा स्प्रे मारलेला.

पंढरीनाथनं बसता बसता श्वास घेतला आणि त्याचं नाक जागं झालं. मोगऱ्याच्या खाली काहीतरी होतं. जाड जीन्स. टर्किश टॉवेल. निदान दोन दिवसांचे, एकावर एक दाबलेले. त्यानं नकळत मान वर केली. हॉलला लागून गॅलरी, गॅलरीत छताला सहा दांड्यांचा हँगर आणि सहाच्या सहा दांड्या रिकाम्या! ऑगस्टात, नऊ दिवसांच्या पावसात, रिकाम्या दांड्या! असलं घर त्यानं पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारून रुचिता खोकली, तशी त्यानं मान खाली घालून समोर आलेल्या पोह्यांवर लक्ष एकवटलं.

चहा आला. पंढरीनाथनं सवयीनं कप घेतला आणि सवयीनंच तो बाजूच्या स्टुलावर ठेवून दिला. रुचिताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

मग घर दाखवायला सुरुवात झाली. स्वयंपाकघर बघून झालं, गॅलरी बघून झाली. नीलिमा सहज बेडरूमच्या दाराकडे वळली, तर वासंतीताई चपळाईनं तिच्या पुढे जाऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ते नंतर बघू ना. तिकडे जरा पसारा आहे."

"अहो, पसारा काय, आमच्याकडे नसतो का?"

"नको, नको. खरंच नंतर."

त्याच क्षणी गणेशरावांना पाणी किती वाजता येतं आणि टाकी किती मोठी आहे, हे सांगायची निकड लागली. निकेत पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. आतून काही आवाज येत नव्हता, पण दार काही उघडत नव्हतं.

नीलिमानं नवऱ्याला गॅलरीत ओढलं. "आत कोणीतरी आहे," ती कुजबुजली. "आजारी माणूस असेल. नाहीतर भिंत गळत असेल. मुलीला जन्म काढायचाय इथं, आणि ही माणसं पहिल्या दिवशीच लपवतायत. मला नाही ठीक वाटत. चला, कळवतो म्हणून उठू या."

लग्नाच्या बोलण्यात "कळवतो" म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो शब्द एकदा सोफ्यावर पडला की मागे घेता येत नाही. आणि आत काय आहे ते या घरात आलेल्यांपैकी पंढरीनाथला एकट्याला ठाऊक होतं. बोलावं तर लेकीच्या गळ्याची शपथ मोडते, न बोलावं तर लेकीचं लग्न. इकडे आड, तिकडे विहीर.

"अगं, तसं काही नसेल," तो पुटपुटला.

"मग काय असेल ते सांगा!"

नीलिमा आत गेली, पर्स मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि घसा साफ केला. "बरं मग, घर छान आहे. आम्ही आता जरा..."

"ताई, दार उघडा," पंढरीनाथ गॅलरीतूनच ओरडला. "आत कपडे आहेत!"

रुचितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ओले कपडे," पंढरीनाथ आता थांबणार नव्हता. "परवापासूनचे. दोन-तीन टॉवेल आहेत, एक जीन्स आहे, आणि अजून तासभर दाबून ठेवलेत तर तो कुबट वास पुन्हा धुतल्याशिवाय जायचा नाही. माफ करा, पण उघडा."

वासंतीताई लालबुंद झाल्या. शेवटी निकेतच म्हणाला, "काका, दोन जीन्स आहेत."

दार उघडलं. पलंगावर ओल्या कपड्यांचा डोंगर, त्यावर शोभेला म्हणून टाकलेली नवीकोरी चादर, आणि चादरीखालून लोंबणारी मोज्यांची जोडी. खिडकी घट्ट बंद. "सकाळपर्यंत हॉलभर लटकत होते हो," वासंतीताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "दांड्यांवर मावले नाहीत म्हणून खुर्च्यांवर, पंख्याला, दाराला. म्हटलं, तुमच्यासमोर हा धोबीघाट कसा दाखवायचा?"

नीलिमानं त्या डोंगराकडे पाहिलं आणि तिला जे हसू फुटलं, ते आवरेचना. डोळे पुसत पुसत ती म्हणाली, "अहो, तुम्ही आमच्याकडे आलात ना, तेव्हा आमचे कुठे होते सांगू? तुम्ही बसला होता त्या दिवाणाच्या पेटीत!"

"काय?" पंढरीनाथ किंचाळला. "मला म्हणालीस, लाँड्रीत दिलेत!"

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर पाहुण्यांना उठवून दिवाण उघडला असतात."

वासंतीताईही हसायला लागल्या. मग बैठक कुठली नि बोलणी कुठली! पंढरीनाथनं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सरसावल्या आणि घराचा ताबा घेतला. बेडरूमची खिडकी उघडवली. गॅलरीची काच अर्धी सरकवली आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करायला लावला, म्हणजे वारा गॅलरीतून आत येऊन घर ओलांडून पलीकडे बाहेर पडेल. जीन्स उलट्या करून कमरेला चिमटे, म्हणजे खिसे बाहेर राहतात. शर्ट हँगरला, वरचं बटण लावून. चादर एका दांडीवर दुमडायची नाही, दोन दांड्यांवर तंबूसारखी टाकायची. दोन कपड्यांत चार बोटं जागा. टॉवेल गणेशरावांच्या हाती देऊन म्हणाला, "झटका साहेब, जोरात. टपालाचा शिक्का मारताना मारायचात तसा." गणेशरावांनी असा झटका मारला की पाण्याचे थेंब थेट गणपतीच्या फोटोवर गेले आणि त्या घरात आणखी एकदा हशा पिकला. उंबरठ्यावर पेडेस्टल फॅन आडवा लावून झाला, तेव्हा रुचिता आणि निकेत एकाच चादरीची दोन टोकं धरून पिळत होते आणि उगाचच जास्त वेळ पिळत होते.

आणि तेवढ्यात पंढरीनाथचं हसू ओसरलं.

हँगर बसवणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी घरच्यांना दिसत नाही. दांड्या सहा असल्या तरी वारा सहांना सारखा मिळत नाही. खिडकीकडच्या दांडीवरचं कापड आधी वाळतं, भिंतीकडचं शेवटी. कोणत्या घरात कुणाचे कपडे कुठल्या दांडीवर, हे बघितलं की त्याला त्या घराचा कारभार कळतो. गणेशराव आपले शर्ट घेऊन विचार न करता खिडकीकडच्या दांडीशी गेले. दुसरीवर निकेतच्या जीन्स चढल्या. चादरी, टॉवेल, सगळं लागलं. वासंतीताईंचं कापड मात्र एकाही दांडीवर नव्हतं. हात धुवायला पंढरीनाथ बाथरूममध्ये गेला, तर दारामागे एक आखूड दोरी. तिच्यावर परकर, ब्लाउज, घरातला गाऊन, आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून वरून टाकलेली ओढणी. सगळं चिंब.

त्याला ती दोरी ओळखीची होती. त्याच्या स्वतःच्या घरात पाच वर्षांपूर्वीपर्यंत तशीच होती. जगाच्या घरात वारा शोधत फिरणाऱ्या माणसाची बायको बाथरूमच्या दारामागे वाळवलेले अर्धवट ओले कपडे घालत होती. एका पावसाळ्यात तिच्या अंगाला खाज सुटली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कपडे कुठे वाळवता?" आणि नीलिमानं मान खाली घालून सांगितलं. शेजारच्या खुर्चीत पंढरीनाथ बसला होता. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी येऊन त्यानं ती दोरी कापली आणि खिडकीकडची दांडी बायकोला आणि लेकीला दिली. ती आजतागायत त्यांचीच होती.

आता रुचिता या घरात यायची होती. मग दारामागच्या त्या दोरीवर दोघींचे कपडे.

त्यानं खिशातून दोन रुमाल काढले, नळाखाली भिजवले आणि पिळले. एक बाथरूमच्या दोरीवर टाकला, दुसरा गॅलरीत खिडकीकडच्या दांडीवर, गणेशरावांच्या दोन शर्टांच्या मध्ये. रुचितानं ते पाहिलं. स्टुलावरच्या भरलेल्या कपाकडेही पाहिलं. त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना.

वासंतीताईंनी जेवल्याशिवाय सोडायचं नाही असा हुकूमच काढला. वरण-भात, अळूचं फदफदं, तळलेले पापड. गप्पा रंगल्या. नीलिमा आणि वासंतीताई तर वर्गमैत्रिणी असल्यासारख्या बोलत होत्या. पंढरीनाथ जेवला, पापडाला दाद दिली, पण मन रुमालांवर. तास उलटून गेल्यावर तो उठला, दोन्ही रुमाल आणले आणि निकेतच्या हातात ठेवले.

"काका, हे काय?"

"बघ ना."

निकेतनं बघितलं. एक रुमाल कोरडा, पापडासारखा. दुसरा टांगला तेव्हा होता तसाच थंडगार.

"हा कुठे होता?"

"बाथरूमच्या दारामागे."

पंढरीनाथ एवढंच बोलला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण लेकीची शपथ त्यानं आज एकदा मोडली होती, दुसऱ्यांदा मोडायची हिंमत नव्हती. हा मुलगा आता हसून रुमाल परत देईल, की काय करील?

निकेतनं दोन्ही रुमाल बाजूला ठेवले. मग बाथरूममध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर आईचे सगळे ओले कपडे होते. गॅलरीत जाऊन त्यानं खिडकीकडच्या दांडीची दोरी सोडली, दांडी खाली घेतली आणि वडिलांचे शर्ट एकेक करून काढायला लागला.

"अरे, ते शर्ट अजून..." गणेशराव म्हणाले आणि अर्ध्यातच थांबले. मुलाच्या खांद्यावर काय आहे ते त्यांनी बघितलं. मग तेही उठले, आपले शर्ट आपणच घेतले आणि भिंतीकडच्या शेवटच्या दांडीवर नेऊन टाकले.

"निकेत! अरे, परकर काय लावतोस गॅलरीत!" वासंतीताई धावल्या. "पाहुण्यांसमोर शोभतं का?"

नीलिमानं त्यांचा हात धरला. "आता आम्ही पाहुणे कसले, विहीणबाई," ती म्हणाली.

विहीणबाई! शब्द कानावर पडला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वासंतीताईंचे डोळे भरून आले. त्या दांडीकडे बघत म्हणाल्या, "रुचिता, तुझे कपडेही इथंच हं. माझ्या शेजारी. चार बोटं जागा सोडून."

रुचिता मात्र अजून वडिलांकडेच बघत होती. पंढरीनाथ स्टुलापाशी गेला. चहा पार गार झालेला, वर जाड साय. त्यानं कप उचलला आणि सायीसकट एका दमात संपवला. रुचितानं येऊन सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली आणि शपथ मोडल्याबद्दल पाठीत एक गुद्दाही घातला.

मंगळवारी सकाळी पंढरीनाथ स्कूटरला दांड्या बांधत होता. बाहेर पाऊस चालूच. नीलिमा फोन कानाला लावून खाली आली आणि त्याच्यासमोर येऊन तिनं तो स्पीकरवर टाकला. पलीकडे वासंतीताई होत्या. भाऊंचा एक रुमाल आमच्याकडे राहिलाय, त्या म्हणाल्या.

"राहू द्या तिथंच," पंढरीनाथ म्हणाला. "बरं, आज ऑफिस?"

"हो, निघालेच." मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला, घरात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये तसा. "भाऊ, तुम्हाला सांगू की नको कळत नाही. सत्तावीस वर्षं झाली काउंटरवर बसतेय. ऑगस्टमध्ये कोरडे कपडे घालून आज पहिल्यांदा चाललेय."